हवेवर संशोधन करायचंय, पण पोट भरेल का?

सोलापूरची एक विद्यार्थिनी लिहिते:

"मी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. शाळेत असताना केगावचा रडार आणि ढगांत फवारणी करणारं विमान बातम्यांत पाहिलं, तेव्हापासून हवेचं वेड लागलंय. हवेचं प्रदूषण आणि टर्ब्युलन्स यांवर काम करणारा शास्त्रज्ञ नेमकं काय करतो? मामा म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. मैत्रीण म्हणते, एन्व्हायर्नमेंटल सायन्सला ये. गणितात मी मध्यम आहे, व्हेक्टर कॅल्क्युलसला जेमतेम पास झाले. पुण्याला जाईपर्यंत इथे राहून काही करता येईल का? आणि यात पोट भरेल का?"

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घरात गाडी तिथेच अडली असणार. पोट भरतं. पण कायमची नोकरी लागायला वेळ जातो, हे वडिलांना आजच स्पष्ट सांग. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची साधारण पाच, त्यानंतर बहुतेकांना दोन-तीन वर्षं पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन) किंवा प्रोजेक्टवर काढावी लागतात. म्हणजे कायमची ऑर्डर हातात पडेपर्यंत तिशी उलटते. मात्र एवढी वर्षं वडिलांच्या खिशातून काढायची नसतात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर एसआरएफ या वरिष्ठ शिष्यवृत्तीचे ४२,००० आणि वर घरभाडे भत्ता. खरा खर्च एम.एस्सी.च्या दोन वर्षांचा, आणि घरात बसून हिशेब करायचा तो तेवढाच. पुढे आयआयटीएम (पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) किंवा हवामान खात्यात 'सायंटिस्ट बी' झालीस तर मूळ वेतनाची सुरुवात ५६,१०० रुपयांपासून होते.

वाटेत उतरायला थांबेही आहेत. हवामान खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटच्या जागा स्टाफ सिलेक्शन कमिशन भरतं. त्यासाठी फिजिक्स विषय असलेली पहिल्या वर्गातली बी.एस्सी. चालते, बारावीला फिजिक्स आणि गणित असावं लागतं. ही भरती दरवर्षी निघत नाही, निघाली की फॉर्म सोडू नकोस. दुसरा थांबा पर्यावरण परिणाम अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांचा. या कंपन्यांना मान्यता मिळवण्यासाठी 'हवामान, हवेचा दर्जा आणि मॉडेलिंग' या विषयाचा तज्ज्ञ दाखवावाच लागतो. डिस्पर्शन मॉडेल, म्हणजे धूर कसा पसरेल याचं संगणकी गणित, समजून चालवणारी माणसं तिथे कमी आहेत. नुसती बटणं दाबणारी पुष्कळ आहेत.

आता काम काय असतं ते. टर्ब्युलन्स, म्हणजे हवेतली खळबळ, हा हवेच्या प्रदूषणाला जोडलेला एखादा वेगळा विषय आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं. तसं नाही. चिमणीतून, गाडीतून, पाचट जाळल्यावर जो धूर निघतो तो किती उंचीपर्यंत आणि किती वेगाने मिसळतो हे हवेतली खळबळच ठरवते, आणि नाकात किती जातं तेही त्यावरच ठरतं. साधं गणित कर. शहरावर एक पेटी कल्पून बघ: तिची उंची म्हणजे मिसळणीचा थर, आणि आतली हवा वारा बदलतो. दुपारी थर १,५०० मीटर आणि वारा सेकंदाला ४ मीटर. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री थर १५० मीटर आणि वारा १ मीटर. उंची दहापट घटली, वारा चौपट. तेवढाच धूर सोडला तर घनता चाळीसपट व्हायला हवी. प्रत्यक्ष मोजणीत एवढा फरक दिसत नाही, कारण रात्री धूरही कमी निघतो आणि बाहेरून वाहत येणारी हवाही मुळात स्वच्छ नसते. हा 'दिसत नाही'चा भाग नीट उलगडणं हेच या शास्त्रज्ञाचं काम.

सोलापूर यासाठी चांगलं ठिकाण आहे. कोरडी हवा, निरभ्र आकाश, ऊस गाळपाचा हंगाम नेमका थंडीत, आणि दक्षिण सोलापुरात ६६० मेगावॅटचे दोन संच असलेलं औष्णिक केंद्र. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा जड होऊन बसते आणि उंच चिमणीचा धूर वरच्या वर पट्ट्यासारखा लांब जातो. खाली काही जाणवत नाही. सकाळी ऊन चढलं की खालून खळबळ सुरू होते, थर वाढत वाढत त्या पट्ट्याला भिडतो आणि रात्रभर वर तरंगलेला धूर अर्ध्या-पाऊण तासात जमिनीवर ओढला जातो. याला फ्युमिगेशन म्हणतात. सकाळच्या वाढलेल्या आकड्यांत शाळा-ऑफिसच्या गाड्यांचा वाटा किती आणि या ओढल्या गेलेल्या धुराचा किती, हा प्रश्न पीएच.डी.ला पुरेल एवढा मोठा आहे. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही आहे. हा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला. म्हणजे मोजणी आणि तिचं उत्तरदायित्व दोन्ही इथे आहे.

मैत्रिणीचा सल्ला चांगल्या मनाचा असेल, पण तुझ्यासाठी आम्हाला तो पटत नाही. एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या एम.एस्सी.त पाणी, कचरा, जैवविविधता, कायदे असं सगळं थोडंथोडं असतं. त्यात फ्लुइड मेकॅनिक्स येतच नाही किंवा दोन-तीन तासांत उरकलं जातं. टर्ब्युलन्सला ते चालत नाही. तू एम.एस्सी. फिजिक्स कर किंवा थेट ॲटमॉस्फेरिक सायन्स. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे आणि सोलापूरहून तो सोयीचा पडतो, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालं की दुपारच्या आत पुणं. कोचीनच्या विद्यापीठात आणि आंध्र विद्यापीठात हवामानशास्त्राची जुनी परंपरा आहे. आयआयटीत एम.एस्सी. फिजिक्सला जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा. ती फेब्रुवारीत असते, पण फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात आणि मुलं तिथेच चुकतात. पुढे नेटसाठी 'अर्थ, ॲटमॉस्फेरिक, ओशन अँड प्लॅनेटरी सायन्सेस' हा पेपर आहे. गेटमध्ये एक्सई पेपरात वातावरण आणि समुद्रशास्त्राचा विभाग घेता येतो, त्याच पेपरात फ्लुइड मेकॅनिक्सही आहे. ही जोडी घे.

गणिताचं. मध्यम असणं चालेल, पण व्हेक्टर कॅल्क्युलस पुन्हा करावंच लागेल. सगळं नको. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल, गाऊसचं प्रमेय, टेलर मालिका, संख्याशास्त्रातलं व्हेरियन्स, कोव्हेरियन्स, आणि फूरिये विश्लेषण. रोज एक तास धरला तर पाच-सहा महिन्यांचं काम. टर्ब्युलन्सची पहिली पायरी रेनॉल्ड्सने १८९५ मध्ये घालून दिली: वेग म्हणजे सरासरी अधिक चढउतार. एवढं धरून गतीच्या समीकरणाची सरासरी काढायला बस. दोन चढउतारांच्या गुणाकाराची सरासरी शून्य होत नाही आणि समीकरणात एक आगंतुक पद शिल्लक राहतं. ते पद कुठून आलं हे कागदावर स्वतः काढून पाहिलंस की अर्धी भीती जाईल. मग कोल्मोगोरोव्हचा १९४१ चा उणे पाच-तृतीयांशचा नियम (लहान-मोठ्या भोवऱ्यांत ऊर्जा कशी वाटली जाते याचा) आणि जमिनीलगतच्या खळबळीवरचं मोनिन-ओबुखोव्हचं १९५४ चं काम वाच. उलट्या क्रमाने वाचलंस तर नुसती पाठांतरं होतील.

इथे राहून काय करता येईल, यावर आमचा सगळ्यात जास्त भर आहे. या हिवाळ्यात स्वतःची एक सलग नोंद तयार कर. प्लँटॉवरचा पीएमएस ५००३ हा लेझरचा कणमापक, आकडे वाचून साठवणारा ईएसपी ३२ बोर्ड, तापमान-आर्द्रतेसाठी एसएचटी ३१, वेळेसाठी डीएस ३२३१ घड्याळ आणि एसडी कार्ड. सगळं मिळून चार-पाच हजारांत बसतं. वीज जाते, वायफाय तुटतं, म्हणून नोंद कार्डावरच ठेव, इंटरनेटच्या भरवशावर नको. शक्य झालं तर कणमापक दोन घे आणि शेजारी शेजारी लाव. दोघांच्या आकड्यांत फरक पडायला लागला की एक बिघडतोय हे कळतं. एकटा कणमापक खोटं बोलला तरी पकडता येत नाही.

आता बिघाड कुठे होतात ते. कणमापकाच्या पंख्याला पूर्ण ५ व्होल्ट लागतात. लांब, बारीक केबल वापरली की व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो आणि आकडे गुपचूप खाली येतात. तुला वाटतं, हवा सुधारली. केबल आखूड ठेव आणि पिनांवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघ. सुरू केल्यावर पहिल्या तीस सेकंदांचे आकडे टाकून दे. हे सगळं बसवलेला डबा गच्चीवर उन्हात नको, उत्तरेकडच्या सावलीच्या भिंतीला लाव, हवा खालून आत येईल असा. उंची किमान ३ मीटर. सरकारी केंद्रांचं हवा ओढणारं तोंडही ३ ते १० मीटरच्या दरम्यान ठेवायचा नियम आहे. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, जनरेटर आणि देवघराची खिडकी यांपासून दूर. उदबत्तीचा धूर या यंत्राला फार लवकर कळतो. महिन्यातून एकदा डबा उघडून कोळ्याची जाळी काढ आणि काढल्याची तारीख वहीत लिही. दर मिनिटाची सरासरी साठव. नुसता एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक, साठवू नकोस, त्यावरून मूळ घनता नीट परत काढता येत नाही.

या यंत्राची मर्यादाही ओळखून अस. ते बारीक कण बरे मोजतं, जाड धूळ जवळजवळ मोजत नाही. पडद्यावर दिसणारा पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा हा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. सोलापुरात उन्हाळ्यात धुळीचा लोट उठला तरी हे यंत्र शांत राहील. म्हणून त्यावरून फक्त पीएम २.५ बद्दल, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांबद्दल बोल, तेही हिवाळ्यात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा खोटा वाढतो. दुपारी इथे ही अडचण नाही, पण पहाटे येऊ शकते. आर्द्रतेचा रकाना शेजारी ठेवायचा तो यासाठी.

घरच्या आकड्याला किंमत येते ती भरवशाच्या यंत्राशी ताडून पाहिल्यावर. शहरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सतत मोजणारं केंद्र आहे. कॉलेजच्या पत्रावर परवानगी माग आणि दोन आठवडे तुझा डबा त्याच्याजवळ ठेव. परवानगी मिळाली नाही तर जवळच्या एखाद्या घराची गच्ची बघ. मग तासातासाच्या सरासरीची सरळ रेषा काढ: तुझा आकडा आडवा, त्यांचा उभा. उतार आणि छेद हीच तुझी दुरुस्ती. तीही ऋतू बदलला की पुन्हा काढायची.

एक प्रयोग खास सोलापूरचा. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. धूर किती सुटला हे कळत नाही, पण कधी सुटला हे अगदी ठाऊक असतं, आणि संशोधनाला हे फार मोलाचं आहे. डबा आधी किमान दोन आठवडे एकाच जागी चालू असू दे. जागा मैदानात नको, गर्दीच्या पायांची धूळ येते. अर्धा-एक किलोमीटरवरची गच्ची चांगली. वारा तिकडून येत नसेल तर शिखर दिसणारच नाही, म्हणून दोन दिशांना दोन मैत्रिणींच्या घरी डबे ठेवता आले तर उत्तम. शिखर किती उंच गेलं याकडे सगळे बघतात. तू बघ ते अर्ध्यावर यायला किती वेळ लागला. वारा असेल तर लवकर निवळेल, हवा थबकलेली असेल तर सकाळचं ऊन चढेपर्यंत रेंगाळेल. हा वेळ म्हणजे त्या रात्रीच्या मिसळणीचं माप, आणि पुढच्या वर्षी तोच प्रयोग वेगळ्या वाऱ्यात करता येतो.

जोडीला फुकट मिळणारा डेटा घे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून सोलापूरचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे उतरवता येतात. युरोपीय हवामान केंद्राच्या इरा-५ या डेटासंचातून मिसळणीच्या थराची तासातासाची उंची मिळते. दोन्ही पायथॉनमध्ये पांडाज आणि एक्सअरे या लायब्ररी वापरून जोड. इथे नवखी मुलं हमखास एका ठिकाणी अडखळतात: इरा-५ ची वेळ ग्रीनिचची, मंडळाची भारतीय. फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे तासाचे आकडे तासाला जुळतच नाहीत, अर्ध्या तासाने घसरलेले राहतात. म्हणून पंधरा मिनिटांचे आकडे घ्यायचे आणि अर्ध्या तासावर सुरू होणारे तास धरून स्वतः सरासरी काढायची. दुसरी चूक वाऱ्याच्या दिशेची. ३५० अंश आणि १० अंश यांची सरासरी १८० काढली तर उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. वाऱ्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे घटक पाडून सरासरी काढ. पीएम २.५ हा पीएम १० पेक्षा जास्त दिसला, किंवा तोच आकडा तासन्‌तास तसाच राहिला, तर ती ओळ बाजूला काढ, आणि किती ओळी काढल्या ते अहवालात लिही. परीक्षक सगळ्यात आधी तेच विचारतो.

टर्ब्युलन्स मोजायचं खरं यंत्र म्हणजे ध्वनिलहरींनी वारा मोजणारा सॉनिक ॲनिमोमीटर. ते लाखांत जातं, ते तू विकत घ्यायचं नाही. पण त्याचं गणित आताच समजून घे. ते सेकंदाला १० किंवा २० वेळा वाऱ्याचे तीनही घटक आणि तापमान मोजतं. २० च्या वेगाने अर्ध्या तासात ३६,००० नोंदी. उभ्या वाऱ्याचा चढउतार आणि तापमानाचा चढउतार यांच्या गुणाकाराची सरासरी घ्यायची. ती समजा ०.२ आली, तर इथल्या दुपारच्या हवेची घनता १.०७ धरून, विशिष्ट उष्णता १,००५ ने गुणून, चौरस मीटरला सुमारे २१५ वॉट उष्णता जमिनीतून वर जातेय. खळबळ या उष्णतेवर जगते. आता यंत्र टॉवरवर नुसतं दोन अंश तिरकं बसलं तर काय होतं बघ: वारा ५ मीटर असेल तर उभ्या दिशेला ०.१७ मीटरचा खोटा वारा दिसतो, आणि खरा सरासरी उभा वारा जमिनीजवळ जवळपास शून्य असतो. म्हणून आधी अक्ष फिरवून घेतात, मगच पुढचं गणित. पावसाचा थेंब संवेदकावर अडकला की आकडे उसळतात, ते छाटावे लागतात. दुपारी अर्ध्या तासाची सरासरी बरोबर, पण रात्री तोच कालावधी घेतला तर खळबळीत हवेच्या दुसऱ्याच संथ हालचाली मिसळतात. रात्री पाच मिनिटं धरतात. हे सगळं समजून इंटर्नशिपला गेलीस तर पहिल्या आठवड्यातच तुझ्या हाती खरा डेटा देतील.

रात्रीच्याच हवेचं आणखी एक सांगतो, कारण ते पुण्यातलं आहे. शांत, निरभ्र रात्री सगळ्यात गार हवा जमिनीलगत नसते, वीतभर ते हातभर वर असते, हे रामदास आणि आत्मनाथन या हवामानशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये नोंदवलं. बराच काळ लोकांना ते मोजणीतली चूक वाटत होतं. पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या संशोधकांनी त्याचा संबंध जमिनीलगतच्या सूक्ष्म कणांशी जोडला. कण, उष्णता आणि खळबळ हे तिघे एकमेकांत किती गुंतलेत याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. तुझ्या कॉलेजच्या मैदानावर चार थर्मामीटर वेगवेगळ्या उंचीवर लावून हे तुलाही तपासता येईल.

मामांना नाही म्हणायची गरज नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. फक्त आधी नको, कारण दोन वर्षं गणितापासून तुटलेला माणूस जॅमला परत बसत नाही.

इंटर्नशिपसाठी नोव्हेंबरपासून ईमेल पाठवायला लाग, मार्चमध्ये उशीर होतो. पुण्याची आयआयटीएम, अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा), आंध्रातल्या गदंकीची एनएआरएल (राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा), आयआयटी मुंबईचा पर्यावरण विभाग. एकच मजकूर वीस जणांना नको. त्या शास्त्रज्ञाचा एक पेपर वाच, त्यातली एक आकृती निवड आणि तिच्याबद्दल एक खरा प्रश्न दोन ओळींत विचार. खाली तुझ्या डब्याचा एका आठवड्याचा आलेख जोड: आडव्या अक्षावर भारतीय वेळ, उभ्यावर पीएम २.५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये, आणि ६० वर एक आडवी रेघ, कारण २४ तासांची आपली मर्यादा तेवढी आहे. मिनिटामिनिटाचा आकडा त्या रेघेशी ताडायचा नाही, चोवीस तासांची सरासरी वेगळ्या रंगात काढ. आलेखात कुठे वीज गेली होती तो भाग मोकळाच सोड, रेघ ओढून जोडू नकोस. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण कर आणि पुढच्या नावाकडे वळ.